ऑटोबानवरची दीडशहाणी गाडी

जर्मनीत नवी गाडी घेतल्याचं घरी कळवलं, तेव्हा मायलेज किती, रंग कोणता हे प्रश्न मागेच पडले. सगळ्यांना कुतूहल एकच, ती स्वतः चालते ना? मावसभावाने कुठल्याशा व्हिडिओत एका माणसाला स्टीअरिंग सोडून सँडविच खाताना पाहिलं होतं. "मग ताई, तू करतेस काय गाडीत?" राखण करते, म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. माझी गाडी मुळात दोनच कामं करते. पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर ठेवून वेग कमी-जास्त करते आणि लेनच्या मधोमध राहण्यासाठी स्टीअरिंग जरा जरा वळवत राहते. ही दोन्ही कामं एकत्र चालू असली की त्याला लेव्हल २ म्हणतात. गाडी स्वतः किती चालते याची ० ते ५ ही उतरंड 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये मांडली. लेव्हल २ मध्ये गाडी कितीही सफाईने चालो, रस्त्यावर नजर चालकानेच ठेवायची आणि काही झालं तर जाबही त्यानेच द्यायचा. नजर काढण्याची मुभा मिळते ती लेव्हल ३ला. जर्मनीच्या वाहन प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये मर्सिडीजच्या एका प्रणालीला तशी परवानगी दिली आणि मे २०२२ पासून ती विकत मिळू लागली. पण अटी बघा. फक्त ऑटोबान म्हणजे इकडचा महामार्ग, दिवसाउजेडी, हवा चांगली, रस्त्यावर गर्दी आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या आत. पुढे ही मर्यादा ९५ पर्यंत वाढली. गाडीने बोलावलं की १० सेकंदांत ताबा घ्यायचा, नाहीतर ती स्वतःच थांबते. म्हणजे जिला कायद्याने 'तू चालव' म्हणता येतं, ती गाडी सुरुवातीला तरी ट्रॅफिक जॅमपुरतीच होती. इतर गाड्यांच्या जाहिराती काहीही म्हणोत, शोरूममधून आपण घरी आणतो ती जवळजवळ नेहमी फार तर लेव्हल २ असते.

ट्रॅफिक जॅममध्ये मात्र माझीही गाडी गुणाची आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्टुटगार्टजवळ ए-८ आणि ए-८१ एकत्र येतात तिथे जो खोळंबा होतो, तो इकडे कुणाला सांगावा लागत नाही. तासभर थांबा, सरका, थांबा, सरका. हे सगळं गाडी करते, एकदाही धसका न देता. पूर्वी घरी पोचेपर्यंत पाय भरून यायचे आणि डोकं तापलेलं असायचं. आता निदान डोकं तरी शांत असतं. लांबच्या सरळ रस्त्यावरही तसंच. एवढ्यासाठी या सोयीचे पैसे वसूल झाले असं मी मानते.

खरी परीक्षा सुरू होते 'बाउश्टेले' आली की. म्हणजे रस्त्याचं काम. ऑटोबानवर ते कायमच कुठे ना कुठे चालू असतं. तिथे जुन्या पांढऱ्या पट्ट्या खोडत नाहीत, त्यांच्यावरून तिरक्या पिवळ्या पट्ट्या मारतात. नियम असा की पिवळी दिसली की पांढरी रद्द. माणसाला हे एका नजरेत कळतं. गाडीच्या काचेमागचा कॅमेरा बहुतेक वेळा पिवळी धरतो, पण जिथे दोन्ही एकमेकींना छेदतात तिथे त्याचा गोंधळ होतो. डाव्या बाजूला काँक्रीटचा कठडा, उजवीकडे चाळीस टनी ट्रक, लेन इतकी अरुंद की सुरुवातीलाच फलक असतो, आरशांसकट २.१ मीटरपेक्षा रुंद गाड्यांनी डाव्या लेनमध्ये येऊ नये. आणि नेमक्या त्या फुलीवर स्टीअरिंग हाताखाली किंचित ट्रककडे ओढ घेतं. झटका नसतो तो, हट्ट असतो. क्षणभर पांढरीचा माग काढायचा, मग पिवळी दिसली की परत यायचं, आणि हे करताना डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा जसाच्या तसा. घोटाळा वाटला म्हणून दिवा लाल होत नाही, कारण गाडीच्या लेखी घोटाळा झालेलाच नसतो. तिला एक पट्टी दिसली, तिने ती धरली.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. गाडीला काय येत नाही याचं मला वाईट वाटत नाही. आपल्याला येत नाहीये, हे तिला त्या क्षणी कळत नाही, हे जड जातं. त्यामुळे कामाचा पहिला फलक दिसला की मी लेन असिस्ट बंद करते.

दुसरा प्रसंग जर्मनीचा खास. वाहतूक तुंबली की अँब्युलन्ससाठी वाट मोकळी ठेवावी लागते, अपघात दिसो वा न दिसो. सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे चिकटायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं. याला 'रेटुंग्सगासे' म्हणतात आणि इकडे ते अंगात भिनलेलं असतं. न केल्यास किमान २०० युरो दंड, चालकाच्या नावावर चुकांचे दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन्स जमा. आता लेनच्या मधोमध राहणं हाच जिचा धर्म, ती गाडी अशा वेळी काय करणार? मी कडेला घेते, ती मध्ये आणते. मी पुन्हा कडेला. काही महागड्या नव्या गाड्यांना हे शिकवलंय म्हणतात, माझीला नाही. म्हणजे जॅममध्ये तिचं एवढं कौतुक केलं खरं, पण तिथेही पट्टी धरण्याचं काम तिच्याकडून काढून घ्यावं लागतं.

मग वेगाच्या पाट्या. ७ जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू. कल्पना वाईट नाही. पण ऑटोबानवर '८०' लिहून खाली 'रस्ता ओला असताना' अशी पाटी असते, किंवा 'रात्री २२ ते ६' अशी. कधी शेजारून बाहेर पडणाऱ्या रस्त्याचा '६०' चा फलक असतो. काही ट्रेलरच्या पाठीवर '१००' चा गोल स्टिकर असतो, तो त्या ट्रेलरला दिलेल्या सवलतीचा. कॅमेऱ्याला यातलं काहीही आपल्यासाठी वाटू शकतं. नुसतं टिंग टिंग वाजलं तर दुर्लक्ष करता येतं. पण वेग सांभाळणाऱ्या क्रूझ कंट्रोलला पाटीप्रमाणे वेग बदलण्याची मुभा दिली असेल, तर लख्ख उन्हात, मोकळ्या रस्त्यावर गाडी आपणहून १२० वरून ८० कडे निघते. वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यात मागून कुणी २०० ने येत असेल, तर तुम्ही ८० वर आलात की तो तुमच्याकडे सेकंदाला ३३ मीटर या हिशेबाने सरकतोय. ती मुभा मी पहिल्याच आठवड्यात काढून घेतली.

थांबलेल्या वस्तूंचं प्रकरण त्याहून गंभीर आहे आणि ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पुस्तिकेत असतं, बारीक अक्षरात. रडारला हलत्या गाड्या छान दिसतात. पण रस्त्यावरचा पूल, कमानीवरचा फलक, कडेचा लोखंडी कठडा हे सगळंच स्थिर, आणि सगळ्यांचा प्रतिध्वनी येतो. प्रत्येकाला घाबरून ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून मोठ्या वेगात बऱ्याच प्रणाली स्थिर प्रतिध्वनींना कमी किंमत देतात. आता जॅमचं शेवटचं टोक डोळ्यांसमोर आणा. पुढच्या सगळ्या गाड्या उभ्या. इकडचे चालक अशा वेळी चारही इंडिकेटर लावतात, ते आपल्याला लांबूनच दिसतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. गाडी त्या लुकलुकीतून काही समजून घेईल या भरवशावर मी राहत नाही.

हे नुसतं शंकेखोरपण नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडात, ऑटोपायलट ही लेव्हल २ प्रणाली चालू असलेली टेस्ला आडव्या वळणाऱ्या ट्रकखाली गेली आणि चालक दगावला. गाडीने ब्रेक मारलाच नव्हता. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये ट्रकचालकाने वाट दिली नाही हे कारण धरलंच, पण गाडीबद्दलचा निष्कर्ष दुहेरी होता. चालकाने यंत्रणेवर नको इतका भरवसा टाकला, आणि यंत्रणेने त्याला तो टाकू दिला. दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, तो चालकाचं लक्ष नीट तपासण्यासाठीच. त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अशा १४ प्रणाली तपासल्या. चालकाला जागं ठेवण्याच्या बाबतीत ११ 'वाईट' ठरल्या आणि जेमतेम 'स्वीकारार्ह' म्हणावी अशी एकच.

माणूस राखण करायला फारसा लायक नाही, हेही काही नवं नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने युद्धकाळात ब्रिटिश रडार चालकांच्या कामावरून एक प्रयोग रचला. घड्याळासारखा काटा ठेक्यात पुढे सरकतो, क्वचित कधीतरी दुप्पट उडी घेतो, ती पकडायची. १९४८ मध्ये त्याने दाखवलं की पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागतात. ऑटोबानवरचं लेव्हल २ म्हणजे तोच काटा. तासभर काही होत नाही, मग एकदम पिवळी पट्टी. युरोपातल्या गाड्यांना लागू असलेल्या नियमानुसार हात स्टीअरिंगवरून काढले तर पहिली सूचना जास्तीत जास्त १५ सेकंदांनी यायला हवी. १३० च्या वेगात १५ सेकंद म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर. शिवाय हात आहेत म्हणजे लक्ष आहे असं कुठे असतं? हात ठेवून झोपणारे कमी नाहीत.

इकडे आता हात सोडूनही चालणाऱ्या गाड्या आल्यात. बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजमध्ये २०२३ पासून जर्मनीत ताशी १३० किलोमीटरपर्यंत ते चालतं, मात्र डोळे रस्त्यावर हवेत. मी काही त्याचे जादा पैसे मोजणार नाही. हात मोकळे ठेवून नजर मात्र बांधून ठेवायची, यात मिळालं काय? त्यापेक्षा ज्याची कुणी जाहिरात करत नाही, तो आपोआप लागणारा ब्रेक मला मोलाचा वाटतो. विमा कंपन्यांच्या त्याच अमेरिकन संस्थेच्या पाहणीत मागून धडकण्याचे अपघात त्यामुळे जवळपास निम्म्यावर आले. तो एरवी गप्प बसतो, मदत करतोय असं भासवत नाही, म्हणून आपणही त्याच्या भरवशावर सुस्तावत नाही.

नव्या गाड्यांत हातांऐवजी डोळ्यांवर पाळत ठेवणारा कॅमेरा येतोय आणि ते योग्यच आहे. मध्यंतरी भाड्याने घेतलेल्या गाडीत तो होता. नजर रस्त्यावरून जरा जास्त वेळ हलली की ओरडायची. पण त्याच गाडीत एसीची सगळी बटणं काढून टच स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर टाकली होती. तापमान दोन अंशांनी वाढवायला खाली बघावं, तर लगेच बोलणी खावी लागत. शेवटी म्युनिकपर्यंत अंगावर जॅकेट घालूनच गाडी चालवली.