आमची वाटचाल : फाटलेल्या डायफ्रामपासून सुरू झालेलं काम

चिपळुणात वर्कशॉप टाकलं तेव्हा आमच्याकडे एक व्हाइस, पान्यांचा एक सेट आणि भाड्याने आणलेला छोटा कॉम्प्रेसर होता. माणसं दोनच, मी आणि माझा मामेभाऊ. परशुराम घाट चढून गेलं की लोटे एमआयडीसी लागते. तिथल्या केमिकल कारखान्यांत हवेवर चालणारे डबल डायफ्राम पंप (डायफ्राम म्हणजे मागेपुढे हलणारा लवचीक पडदा) भरपूर आणि ते दुरुस्त करणारं जवळपास कोणी नाही, एवढ्या एकाच हिशेबावर आम्ही उडी घेतली.

मला हा पंप मनापासून आवडतो. मोटर नाही, फिरत्या शाफ्टचं सील नाही. हवा एका डायफ्रामला ढकलते, मधला शाफ्ट दुसऱ्याला ओढतो, आणि चार बॉल आपापल्या सीटवर उघडझाप करतात. कोरडा चालला तरी जळत नाही. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर नुसता थांबून राहतो. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, गाळ त्यातलं पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमध्ये भरायला म्हणूनच बरेच जण हाच पंप वापरतात.

पहिली काही वर्षं आम्ही फक्त किट बदलत होतो. डायफ्राम, बॉल, सीट, ओ-रिंग टाकायची, चलन करायचं, पंप रवाना.

मग एका कारखान्यातला दोन इंची पंप दर दोन महिन्यांनी परत यायला लागला. दर वेळी टेफलॉनचा डायफ्राम फाटलेला. मेंटेनन्सचे साहेब वैतागून म्हणाले, "अहो, तुमचा मालच हलका आहे." मी रात्री तो फाटका तुकडा घेऊन बसलो. रसायनाने खाल्लं असतं तर तो फुगला असता, मऊ पडला असता. तसं काही नव्हतं. डायफ्राम धरणाऱ्या प्लेटच्या कडेला गोल घडी पडली होती आणि त्या घडीवरच चीर गेली होती. सकाळी गाडी काढून थेट साइटवर गेलो. "साहेब, पंप बसवलाय ती जागा एकदा दाखवा."

पंप तळमजल्यावर आणि तो ज्यातून ओढतो ती टाकी तिसऱ्या मजल्यावर. मधे बारा मीटरचा पाइप, कायम भरलेला. म्हणजे पंप बंद असतानाही सव्वा बारच्या आसपास दाब डायफ्रामला आत रेटत होता. अशा पंपाच्या सक्शनला, म्हणजे ओढणाऱ्या तोंडाला, साधारण ०.७ बारच्या वर दाब देऊ नये. पंप उचलून दुसऱ्या मजल्यावर, टाकीच्या जवळ बसवला आणि त्या पंपाचं दर दोन महिन्यांचं येणं थांबलं.

त्या दिवसापासून आमचं काम बदललं. जुना डायफ्राम बघितल्याशिवाय नवा बसवायचा नाही. प्रत्येक पंपाचा नंबर, कुठलं रसायन, कुठे फाटलं, कशामुळे, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायला घेतलं. कोकणातला पावसाळाही त्यात उतरला. जुलै आला की "पंप हळू चालतोय" असे फोन सुरू होतात. कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो, लाइनमध्ये पाणी जमतं, आणि हवा मफलरमधून (सुटणाऱ्या हवेचा आवाज कमी करणारा डबा) सुटताना एवढी गार होते की तिथे बर्फ धरतो. पंपाचा काही दोष नसतो. रिसीव्हरचा, म्हणजे हवेच्या टाकीचा, ड्रेन रोज काढायचा आणि फिल्टरची वाटी रिकामी करायची, बास. मफलर काढून टाकणं हा उपाय नव्हे, हे मात्र दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

एका गोष्टीपायी आम्ही हातची ऑर्डर सोडून दिलेली आहे. एमडीसीसारख्या (मिथिलीन डायक्लोराइड) क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटला ॲल्युमिनियमचा पंप आम्ही जोडून देत नाही. त्या दोघांची रिॲक्शन होऊन स्फोट होऊ शकतो. तो पंप ज्याच्या शेजारी उभा असतो, तो ऑपरेटर बहुतेक आमच्याच आसपासच्या गावातला पोरगा असतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी वर्कशॉपमध्ये शिरलं. पाणी उतरल्यावर रॅकभर चिखल होता. कॉम्प्रेसर गेला, स्पेअरचे खोके गेले. मला सगळ्यात जास्त लागलं ते रजिस्टरचं. पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. बायकोने आणि मामेभावाने ती पंख्याखाली एकेक करून सोडवली, निम्मीच वाचता आली. लोटे वर पठारावर असल्यामुळे तिथले कारखाने पुरातून वाचले होते. त्यांच्या स्टोअरवाल्यांनी आमची जुनी चलनं शोधून झेरॉक्स पाठवल्या. ते आम्ही कधी विसरणार नाही. त्यावरून रजिस्टर पुन्हा उभं केलं.

आता वर्कशॉप लोट्यातच आहे, सहा माणसं आहेत. पंप जोडताना बोल्ट समोरासमोरचे आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, कारण टेफलॉन दाबाखाली पसरतं. मग डिस्चार्ज, म्हणजे बाहेर सोडणारं तोंड, बंद करून हवा सोडायची आणि कान देऊन उभं राहायचं. पंप गप्प राहिला पाहिजे. मिनिटाभराने जरी 'टक्' असा एक स्ट्रोक ऐकू आला, तरी बॉल-सीट कुठेतरी गळतेय, पंप परत उघडायचा. भिंतीवर खिळ्यांना फाटके डायफ्राम टांगलेत, प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी. नवीन मुलगा आला की पहिला आठवडा त्याच्या हातात पाना देत नाही, त्या भिंतीसमोर उभा करतो.