जमिनीवर सुरळीत, हवेत बंद

एनसीसीच्या एअर विंगमधील कॅडेटना एरोमॉडेलिंग शिकवताना इंजिनाचा वाद दरवर्षी नव्याने उपटतो, आणि मुलांचे मत ठरलेले असते: जितके मोठे इंजिन तितके चांगले. त्या वर्षी वायुसैनिक शिबिराच्या निवडीसाठी कंट्रोल लाइनचे, म्हणजे हातातल्या हँडलला जोडलेल्या दोन तारांवर गोल फिरवायचे, सरावाचे विमान तयार करायचे होते. सुमारे 90 सेंटीमीटर पंखविस्तार, बाल्साच्या हलक्या लाकडाची सपाट बॉडी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. कपाटात दोन इंजिने होती: एक अडीच सीसीचे, तापलेल्या प्लगवर मिथेनॉल पेटवणारे ग्लो इंजिन आणि दुसरे दीड सीसीचे डिझेल. मुलांना अर्थातच ग्लो हवे होते.

मी त्यांना फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. आपल्या लाइन, म्हणजे तारा, 13 मीटर लांबीच्या. म्हणजे एक फेरी साधारण 82 मीटरची. विमान ताशी 70 किलोमीटरने उडाले, तर फेरीला चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि हँडल धरून स्वतःभोवती फिरणाऱ्या नवशिक्याला तेवढ्यात विमान वर-खाली करायचे सुचते. तेच विमान अडीच सीसीवर ताशी 100 किलोमीटरला गेले, तर फेरी तीन सेकंदांच्या आत संपते. मुलाला चक्कर येते आणि विमान जमिनीत घुसते. शिवाय जड इंजिनाने विमानाचे नाक जड होते, मग शेपटीत शिसे घालावे लागते, आणि वजन वाढले की उतरतानाचा वेगही वाढतो. हिशेब मुलांना पटला. चेहऱ्यावरची नाराजी मात्र गेली नाही.

मला स्वतःला मॉडेलचे डिझेल इंजिन आवडते, हेही कबूल केले पाहिजे. त्याला प्लग लागत नाही की बॅटरी लागत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल साधारण समप्रमाणात घेऊन त्यात पेट घ्यायला मदत करणारे अमाइल नायट्रेट एक-दोन टक्के मिसळले की इंधन तयार होते, आणि ते केवळ दाबाने पेट घेते. हा दाब सिलिंडरच्या माथ्यावरील स्क्रूने कमी-जास्त करता येतो, तर इंधनाचे प्रमाण निडलने, म्हणजे इंधनाची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या सुईने, ठरवतात. दोन्ही हातांना एकेक काम असल्यामुळे इंजिनाचे ऐकायचे कसे, हे मुले यावरच शिकतात. दाब जास्त झाला की इंजिन जड आवाजात कण्हत मंदावते आणि एक्झॉस्टमधून निघणारे तेल काळे पडते. दाब कमी असला की ते मध्येच चुकते आणि न जळलेले इंधन फवाऱ्यासारखे बाहेर फेकते.

शेवटी डिझेलच बसवले. जोडणी नीट केली होती. बेअरर, म्हणजे इंजिन ज्यावर बोल्टने बसते त्या पट्ट्या, सागाच्या लाकडाचे होते, कारण मऊ लाकडात बोल्ट दबतात, ढिले होतात, आणि मग कंपनांनी टाकीतल्या इंधनाला फेस येतो. इंजिनाचे तोंड दोनेक अंश वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला वळवले होते, म्हणजे लाइन ताणलेल्या राहतात. टाकीची मध्यरेषा स्प्रेबारच्या, म्हणजे इंजिनात इंधन सोडणाऱ्या बारीक नळीच्या, उंचीला आणली होती. प्रॉप, म्हणजे पंखा, 8 बाय 4 इंचांचा (व्यास आणि पिच). उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट, म्हणजे पाच किलोंचा ताण देऊन लाइन तपासल्या.

सकाळी मैदानावर इंजिन दोन-चार झटक्यांत सुरू झाले. आवाज स्वच्छ होता. नाक वर करून धरले तरी तो पडला नाही. विमान सोडले. पहिल्या काही फेऱ्या उत्तम गेल्या, मग आवाज एकाएकी टिपेला पोहोचला, इंजिन अडखळले आणि बंद पडले. इंधन भरून, निडल थोडे उघडून पुन्हा सोडले. या खेपेस ते थोडे जास्त टिकले, पण शेवट तोच झाला. एक कॅडेट कॉम्प्रेशन वाढवायला निघाला होता. त्याला थांबवले, कारण हा दाबाचा आवाज नव्हता, इंधनाच्या उपासमारीचा होता. ‘सर, हे इंजिनच कमजोर आहे,’ असे मागून कोणीतरी म्हणाले, आणि कपाटातल्या अडीच सीसीची आठवण पुन्हा निघाली.

टाकी उघडली, कचरा नव्हता. निडल काढून फुंकले, वाट मोकळी होती. बोल्ट घट्ट होते. शेवटी विमान हातात धरणाऱ्या मुलीने टाकीपासून निडलपर्यंतची पारदर्शक नळी बोटाने हलवली आणि म्हणाली, ‘सर, ही काल एवढी ढिली नव्हती. काल चढवताना माझी बोटे दुखली होती.’ नळी ज्या तोटीवर चढवतात त्या निपलवरून ती अलगद सरकत होती, आणि तिचे टोक फुगून किंचित मऊ पडले होते. ती जुन्या ग्लो विमानावरून काढलेली सिलिकॉनची नळी होती. ग्लोच्या मिथेनॉलमध्ये ती वर्षानुवर्षे टिकते, पण रॉकेल आणि ईथर तिच्यात शिरून तिला फुगवतात.

मुलांचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग इंजिन जमिनीवर का चालले? कारण जमिनीवर भरलेल्या टाकीतले इंधन स्प्रेबारच्या जवळपास त्याच पातळीला असते आणि ते ओढायला इंजिनाला फारसे बळ लागत नाही. हवेत मात्र ताशी 70 किलोमीटरला इंधनावर वजनाच्या जवळजवळ तिप्पट बल बाहेरच्या दिशेने येते. इंधन टाकीच्या बाहेरच्या भिंतीला जाऊन बसते, आणि टाकी रिकामी होत जाते तसतशी त्याची पातळी स्प्रेबारपासून आणखी बाहेर सरकते. ते आत खेचायला इंजिनाला जोरात शोषावे लागते, आणि ढिल्या सांध्यातून हवा घेणे त्याला इंधनापेक्षा सोपे जाते. म्हणूनच पहिल्या फेऱ्या चांगल्या जात होत्या.

काळी निओप्रीनची नळी चढवली, दोन्ही टोकांना बारीक तार पिळली. निडल आधीच्या चुकीच्या निदानामुळे बरेच उघडे राहिले होते, त्यामुळे इंजिन आता धूर ओकत घरघरू लागले. ते बंद करत करत मूळ जागेच्याही आत आणावे लागले, आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन किंचित सैल केले. पुढच्या उड्डाणात विमान टाकी संपेपर्यंत एका सुरात फिरले. उतरल्यावर ज्या कॅडेटने इंजिनाला कमजोर म्हटले होते, त्यालाच हँडल दिले. तो काही फेऱ्यांतच डगमगायला लागला आणि विमान उतरल्यावर गवतात बसून म्हणाला, ‘सर, अडीच सीसीचे पुढच्या वर्षी बघू.’