हेरेसमध्ये इबारा आडनावाचा माग

सासूबाईंचे आजोबा मेक्सिकोतल्या साकातेकास राज्यातल्या हेरेस गावचे. आडनाव इबारा. ते मुळात स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क लोकांचं, त्यामुळे घरात समज पक्का की आपण बास्क. शिवाय १५४६ मध्ये साकातेकासला चांदी सापडली, तेव्हाच्या मातब्बर संस्थापकांत दिएगो दे इबारा होताच!

निम्मं काम घरीच उरकून निघा. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या पुष्कळ वह्या पाहता येतात. सरकारी नोंदणीचा कायदा १८५९चा, पण त्यानंतरही कित्येक जण फक्त चर्चमध्येच नोंद करत, दोन्हीकडे शोधा. वडिलांचं आडनाव आधी, आईचं नंतर, आणि बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात. आपल्या वंशावळींत आज्या-पणज्या गळून गेलेल्या असतात, तिथे त्या सापडतात.

खरं घबाड लग्नाआधीच्या चौकशीच्या कागदांत. वधूवरांचे आईवडील, मूळ गाव, कुठल्या जमीनदाराच्या वाडीवर राहतात, साक्षीदार कोण, सगळं लिहिलेलं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आठवल्या, पण हे पाद्री जास्त चौकस.

१८२२ मध्ये नोंदींत वंश लिहायला मनाई झाली. त्याआधीच्या वहीत आमचा इबारा पूर्वज निघाला ‘मुलातो’, म्हणजे मिश्र आफ्रिकी वंशाचा. मालकाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागणं तेव्हा सर्रास चाले. तेव्हा आडनावावरून कुळाची ढाल-चिन्हं छापून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. सासूबाईंनी मात्र बास्क प्रकरण लगेच सोडलं आणि त्या पूर्वजाच्या आईचं नाव शोधायला लावलं.

साकातेकास शहरातून बसने तासाभरात हेरेस येतं. या राज्यात हिंसाचार झालेला आहे. ताज्या सूचना वाचा आणि उजेडातच ये-जा करा. चर्चच्या कचेरीत आधी फोन करून, आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवारी लग्नांची गर्दी. नाव, अंदाजे साल आणि आईवडिलांची नावं स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून न्या, थोडी देणगीही ठेवा. मूळ वही हातात देतीलच असं नाही. साकातेकास पूर्वी ग्वादालाहाराच्या बिशपच्या अखत्यारीत होतं. नात्यातल्या लग्नांना लागणाऱ्या परवानगीचे जुने कागद तिकडच्या दप्तरात शोधा.