एका टीमच्या दोन टीम

आज पवईच्या ऑफिसात आमच्या बारा जणांच्या सॉफ्टवेअर टीमच्या दोन टीम केल्या. कंपनी वाढतेय, नवी माणसं येतायत, आणि सकाळची स्टँडअप, म्हणजे रोजची झटपट बैठक, संपता संपत नव्हती. हिशेब साधा आहे: ५ जणांत बोलण्याच्या जोड्या होतात १०, १२ जणांत ६६! दोन पिझ्झांत भागेल एवढीच टीम हवी, हा ॲमेझॉनचा आग्रह उगाच नाही.

खरी चर्चा रंगली ती विभागणी कशी करायची यावर. फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) एकीकडे, बॅकएंड (पडद्यामागचा भाग) दुसरीकडे, असा सोपा प्रस्ताव होता. मी ठाम विरोध केला. संस्थेत संवादाची जशी रचना, तशीच तिच्या सॉफ्टवेअरची होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलंय. मग प्रत्येक बारीक बदलासाठी दोन्ही टीमनी एकमेकींची वाट बघत बसायचं का? शेवटी एकीकडे पेमेंट, दुसरीकडे ऑर्डर असं ठरलं. स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं ज्याचं त्याच्याकडे. रात्री काही बंद पडलं, तर फोनही त्यांनाच.

सगळ्यात ज्युनिअर मुलीनं विचारलं, "सर, आता जेवायलाही वेगवेगळं बसायचं का?" (फार आवडला मला हा प्रश्न.) म्हटलं, अजिबात नाही, डबे एकत्रच उघडायचे. आणि दर गुरुवारी एकमेकांचा कोडही बघायचा.

सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर मात्र एकच आहे. त्याला दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटणं मला पटत नाही. दुसऱ्या टेस्टरची जागा मंजूर करून घ्यायला सोमवारी साहेबांना भेटतोय.