पट्टीवर नाव कुणाचं

परवाच्या लग्नातही तेच. पंगतीत भात वाढायच्या आत शेजारच्यांनी विचारलंच, "शेतकऱ्याची, त्यात माळ्याची पोरं तुम्ही. दुकानदारी जमली कशी? आमच्या पोराला जरा सांगा की." बाहेरचे हे विचारतात तेव्हा त्यांच्या मनात ‘धंदा तर मारवाडी-गुजरात्यांचा’ असतं, आपले विचारतात तेव्हा ‘मग आमचं का नाही जमलं’ असतं. दोघांनाही मी आजवर एकच उत्तर देत आलो: मेहनत. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज जरा नीट सांगतो.

पहिली गोष्ट, माळ्याला धंदा नवा नव्हता. जिरायतवाला वर्षातून एकदा बाजाराचं तोंड बघतो. आम्ही पुण्याजवळच्या मांजरीचे, कालव्याच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर करणारे, रोज बघायचो. शेकडा जुड्यांचा भाव पहाटे एक, नऊ वाजता निम्मा. आडत (म्हणजे दलाली), हमाली, गाडीभाडं वजा जाऊन पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, काय उरतं हे मला चौथीत कळत होतं. दाखले हवे असतील तर सासवडच्या माळ्यांनी 1932 मध्ये माळीनगरच्या साखर कारखान्याची कंपनी काढली. खुद्द जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटं घ्यायचे आणि आमच्याच मांजरीत त्यांची शेती होती. 2011 च्या समाजाच्या मेळाव्यात हे सगळं मी ठणकावून सांगितलं, टाळ्याही घेतल्या. मगरपट्ट्याचं मात्र मला ऐकवू नका. सुमारे 400 एकर एकत्र करून शेतकऱ्यांनी स्वतः शहर वसवलं, खरंय. आमच्याकडे दोन एकर होते आणि सातबाऱ्यावर सहा नावं.

दुकान 1996 चं. रस्त्याकडेचे बारा गुंठे विकले, दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या (त्यांना एकेक साडी मिळाली, त्यावर पुन्हा कधीतरी), आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नळाच्या सामानाचं दुकान टाकलं. आजूबाजूच्या रानांत इमारती उगवायला लागल्या होत्या, एवढंच कारण. पैसा गाळा आणि रॅक यांतच संपला, माल उधारीवर आणायचा होता. रविवार पेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे अण्णा आणि मी गेलो. त्यांनी चहा पाजला, आडनाव विचारलं, आणि म्हणाले, "जामीन कोण?" अण्णांनी पिशवीतून सातबारा काढून पुढे केला. "याचं मी काय करू?" म्हणून त्यांनी तो न बघताच परत सरकवला. घरी येईपर्यंत स्कूटरवर अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले आमचे आडते, आमची भाजी विकून देणारे दलाल, मध्ये पडले. आजोबांपासून आमचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरायचा, शिवाय लांबचे पाव्हणे. त्यांनी एक फोन केला आणि तीस दिवसांची उधारी सुरू झाली.

मेळाव्यात तो अपमान मी रंगवून सांगितला. फोन सांगितला नाही.

आता मामांचं सांगायला हवं. मामा आमच्याकडे सालानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, गडी होते, एकोणीस वर्षं. महारवाड्यातले, तेव्हा सगळे असंच म्हणायचे, आम्हीही. रात्री दोनला टेम्पो भरून मार्केट यार्डात जायचे ते मामाच. भावावरून आडत्याशी हुज्जत घालायचे तेही मामाच, आणि अण्णांपेक्षा शेकड्याला दहा-वीस रुपये जास्तच आणायचे. पट्टीवर नाव अर्थातच आमचं. त्यांचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला असायचा, कान तुटलेला. पुढे दुकानात सगळ्यांनाच प्लास्टिकचे कप आले आणि आमचा तो प्रश्न आपोआप सुटला, असं मी समजत होतो.

मामांचा मुलगा माझ्याच वर्गातला. 2003 च्या जूनमध्ये तो दुकानात आला. तोवर सात वर्षं प्लंबिंग करत होता, हाताखाली दोन पोरं होती. फुरसुंगीला पंधरा फ्लॅटच्या एका इमारतीचं काम मालासकट मिळत होतं. चाळीस हजारांचा माल हवा होता, दीड महिन्याच्या उधारीवर. यादी वहीच्या पानावर लिहून आणलेली: पाऊण इंची एल्बो, टी, कपलिंग, बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेपपर्यंत सगळं. मी वाचली. एक नग जास्तीचा नव्हता. याहून कच्च्या लोकांना आम्ही लाख-लाखाचा माल सोडला होता.

अण्णांनी यादीची घडी घालून परत त्याच्या हातात दिली. "जामीन कोण राहील?"

"अण्णा, जन्मल्यापासून ओळखता मला."

"ओळख वेगळी, धंदा वेगळा."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गल्ल्यावर होतो. डोक्यावर फुल्यांचा फोटो. 1868 मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि दर 11 एप्रिलला त्या फोटोला हार मीच घालतो. मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि हिशेब करायला लागलो. कसला, ते सांगता यायचं नाही. नुसते आकडे दाबत होतो. त्यानं काउंटरवरचा एक एल्बो उचलला, आत बोट फिरवून आटे बघितले, होता तिथं ठेवला. "बरं," म्हणाला. बाहेर गाडी दोन किकनंतर सुरू झाली. अण्णा म्हणाले, "चहा सांग रे."

अण्णांची बाजू मी मांडणारच. त्या वर्षी एका बिल्डरचे दोन चेक परत आले होते, पावणेतीन लाख अडकले होते, अण्णा रात्री झोपत नव्हते. दुकान म्हणजे अन्नछत्र नव्हे. पण तो बिल्डर पाव्हण्यांचा पाव्हणा होता आणि त्याला जामीन कुणी विचारला नव्हता.

मेळाव्यातला मी यावर उसळतो: जात बघून नाही, ऐपत बघून नाही म्हटलं. याला माझं उत्तर रोज वेगळं असतं. अण्णांची तरी ऐपत कुठं होती? त्यांच्याकडे पट्ट्यांचं बाड होतं, चाळीस वर्षांचं, आपल्या नावाचं. मामांनी वाहिलेल्या मालाच्या चार पट्ट्यांवर मामांचं नाव असतं, तर आडत्यांनी त्यांच्या पोरासाठीही फोन फिरवला असता. हे लिहिलं आणि लगेच वाटतंय, नसता फिरवला. मग वाटतं, आडत्यांचं कशाला, फोन मीही करू शकत होतो. रविवार पेठेत तोवर माझं नाव चालायला लागलं होतं.

ते काम त्यानं मजुरीवर केलं, कंत्राट दुसऱ्याच्या नावावर. 2015 ला वॉशर घ्यायला आला तेव्हा मी आपणहून म्हणालो, खातं उघडू या तुझं. "नको, रोखीत बरंय," म्हणाला, आणि सुटे मोजून घेतले.

तर पोराला पाठवून द्या. कुठल्या कंपनीचा माल ठेवायचा, कुणाला किती दिवस उधार द्यायचं, सगळं सांगतो. पेठेत जाईल तेव्हा जामीन विचारतील, आजही विचारतात. माझं नाव सांगू दे. पाव्हणे आहेत म्हणावं.