आओई बुंगाकू: बारा भाग, सहा कथा आणि पाहायचा क्रम

'आओई बुंगाकू' ही जपानी ॲनिमे मालिका पहिल्या भागापासून सलग पाहायला घेतली की पाचव्या भागात माणूस चक्रावतो. चार भाग गुदमरवणारा काळोख, आणि मग अचानक डोंगरातला दरोडेखोर, विनोद, मधेच गाणी. चुकून दुसरीच मालिका लागली की काय, असं वाटतं. पण ही मुळात एक मालिका नाहीच. एका नावाखाली बांधलेल्या सहा वेगवेगळ्या कथा आहेत.

मॅडहाउस स्टुडिओने ही मालिका केली आणि ती ऑक्टोबर ते डिसेंबर २००९ मध्ये निप्पॉन टीव्हीवर आली. त्याआधी शुएइशा प्रकाशनाने जुन्या अभिजात पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांना मांगा (जपानी कॉमिक्स) चित्रकारांची मुखपृष्ठं दिली होती. ओसामु दाझाईच्या 'निंगेन शिक्काकू' या कादंबरीवर 'डेथ नोट' या मांगावाल्या ताकेशी ओबाताचं चित्र आलं आणि ते पुस्तक तडाखेबंद खपलं. त्यात २००९ हे दाझाईचं जन्मशताब्दी वर्ष. बारापैकी सहा भाग त्याच्याच वाट्याला आले, ते उगाच नाही. पात्रांची रेखाटनं तिघांची: ओबाता, तिते कुबो आणि ताकेशी कोनोमी. दिग्दर्शक पाच. सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे अभिनेता मासातो साकाई. सूत्रधार तोच आणि सहाही कथांतल्या मुख्य पात्राचा आवाजही त्याचाच. म्हणून मूळ जपानी आवाजातच पाहा. डबिंगमध्ये हा सगळा डावच हातचा जातो.

विभागणी अशी: १ ते ४ 'निंगेन शिक्काकू', ५-६ आंगो साकागुचीची बहरलेल्या चेरीच्या रानाची कथा, ७-८ नात्सुमे सोसेकीची 'कोकोरो', ९-१० दाझाईचीच 'हाशिरे मेरोसु' ('धाव, मेरोसु'), ११ आणि १२ र्‍युनोसुके अकुतागावाच्या 'कुमो नो इतो' ('कोळ्याचा धागा') आणि 'जिगोकुहेन' ('नरकाचं चित्र'). क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. फक्त ११ आणि १२ वेगळे करू नका, कारण मूळच्या दोन स्वतंत्र कथा इथे एकाच राज्यात घडवल्या आहेत.

मी सुरुवात नवव्या भागापासून सुचवेन. राजाने मृत्युदंड दिलेला मेरोसु मित्राला ओलीस ठेवून जातो आणि तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी परततो, एवढीच १९४० ची मूळ कथा. मालिकेने तिच्याभोवती एक नाटककार उभा केला आहे. त्याला याच कथेवर नाटक लिहायचंय, पण ज्याची वाट पाहिली तो मित्र आलाच नव्हता, हा सल त्याला लिहू देत नाही. या बदलामागे दाझाईच्या आयुष्यातला एक प्रसंग ओळखू येतो. १९३६ मध्ये आतामी गावातल्या लॉजची उधारी थकली, तेव्हा मित्र काझुओ दानला तिथे तारण ठेवून तो पैसे आणायला तोक्योला गेला आणि परतलाच नाही. शेवटी दानच शोधत गेला, तर हे महाशय ज्येष्ठ लेखक मासुजी इबुसेंच्या घरी शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळत बसलेले.

मग 'कोकोरो', आणि इथे मात्र पुस्तक आधी वाचाच. निदान पुस्तकाचा तिसरा भाग, म्हणजे 'सेन्सेई' (गुरुजी) म्हणवल्या जाणाऱ्या मुख्य पात्राचं लांबलचक पत्र. १९१४ ची ही कादंबरी सेन्सेईच्या 'के' नावाच्या मित्राबद्दल जे सांगते, ते सगळं सेन्सेईच्याच तोंडून. सेन्सेईची खोली आठ ताताम्यांची (जमिनीवर अंथरायच्या चटया, खोली त्यांनीच मोजतात), केची चारची, मधे सरकता दरवाजा. एका रात्री के तो थोडासा उघडून उभा राहतो, झोपलास का, विचारतो. दिव्याकडे पाठ असल्याने चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती. केच्या मनात तेव्हा काय होतं, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. मालिकेचा सातवा भाग उन्हाळ्यात सेन्सेईच्या बाजूने जातो. आठवा तीच हकिगत हिवाळ्यात, केच्या बाजूने. पुस्तकात नसलेली ही बाजू दिग्दर्शक शिगेयुकी मिया यांनी रचली आहे. पुस्तक न वाचता पाहिलं तर आठवा भाग 'खरं काय घडलं' याचा खुलासा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. तो खुलासा नाही, सोसेकीशी घातलेला वाद आहे. बारा भागांतला सर्वांत धीट प्रयोग माझ्या मते हाच.

'निंगेन शिक्काकू' त्यानंतर घ्या. आत्महत्या, व्यसन, लैंगिक अत्याचार सगळं आहे. मन आधीच जड असेल तर सरळ वगळा. पुस्तकाचा नायक योझो सतत विदूषकी करतो आणि ते वाचताना हसूही येतं. मालिकेने ते हसू फार कमी केलंय, त्यामुळे तो नुसताच बिचारा वाटतो. चेरीच्या कथेत गाणी खटकतात, पण बाईचा कापलेल्या मुंडक्यांशी चाललेला खेळ त्यांच्यामुळेच जास्त अंगावर येतो.

'जिगोकुहेन'ने निराशा केली. मूळ कथेचा निवेदक सरदाराचा चाकर आहे. तो धन्याची तरफदारी करत जातो आणि वाचकाला खरं काय ते त्याच्या सारवासारवीतूनच कळतं. चित्रकार योशिहिदे तर तिरस्करणीय माणूस, त्याची माया फक्त मुलीवर. मालिकेत निवेदक गेला, चित्रकार सत्यासाठी उभा राहणारा सज्जन झाला आणि सरदाराच्या जागी आलेला राजा सरधोपट खलनायक. रंग मात्र डोळे दिपवणारे.

चारही लेखकांचं मूळ जपानी लेखन 'आओझोरा बुंको' या संकेतस्थळावर मोफत आहे. साकागुचीचा मृत्यू १९५५ चा, आणि तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या नियमाने तोही २००६ मध्ये स्वामित्वहक्कातून सुटला. इंग्रजीतून वाचायचं तर दाझाईसाठी डोनाल्ड कीन, 'कोकोरो'साठी एडविन मॅक्लेलन किंवा मेरेडिथ मॅकिनी. अकुतागावाच्या दोन्ही कथा जे रुबिन यांच्या एकाच संग्रहात मिळतात, आणि त्यातली 'कुमो नो इतो' जेमतेम चार-पाच पानांची आहे.