ठिपका होता, भुजा निघाली

अमावास्येची ओहोटी भल्या पहाटेची, म्हणून देवगड तालुक्यातल्या त्या कातळावर मी टॉर्च घेऊनच उतरले. कालवं काढणाऱ्या बायका माझ्याआधी पोचलेल्या. एक धोंडा उलटला, तर खाली नखाएवढा पिवळट गोळा, गुंतलेल्या सुतासारखा: स्पंज, खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी. एकीने वाकून पाहिलं. "खाऊचा आसा काय गो ह्या?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. मी पट्टी ठेवून फोटो काढला, कारण अल्कोहोलात रंग बहुतेक जातोच. गोळा पात्याने सोडवून ९६ टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकला आणि धोंडा होता तसा पालथा ठेवला.

फॉर्मॅलिन मी नेतच नाही. ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि स्पंज चुन्याचा असेल तर त्याचे काटे, म्हणजे स्पिक्यूल, खाऊन टाकतं. हे मला पाठ होतं. तरीही पुढचा प्रकार घडला.

दोन वर्षं माझ्या हातून गेले ते सगळे सिलिकाचे स्पंज. त्यांचं मांस नायट्रिक अ‍ॅसिडात जाळायचं, खाली काचेसारखे काटे उरतात. त्या दिवशीही सवयीने अर्धा गोळा परीक्षानळीत टाकला आणि वरून अ‍ॅसिड सोडलं. इनो टाकल्यासारखं फसफसलं. मला वाटलं, शिंपल्याचा चुरा असेल. सूक्ष्मदर्शकाखाली वाळूचे दोन कण सोडले तर काहीच नाही. मी गाइड मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, मग नळीकडे पाहिलं. "अगं, काही उरलं नाही हेच उत्तर आहे. कॅल्केरिया आहे हा, चुन्याच्या स्पंजांच्या वर्गातला. आणि अर्धा तू अ‍ॅसिडात घालवलास."

उरलेल्या अर्ध्यातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढला. या वेळी ब्लीच, कपड्यांना वापरतात तेच. मांस विरघळलं, काटे राहिले: तीन भुजांचे, तिन्हींमध्ये सारखा कोन, मर्सिडीजच्या बोधचिन्हासारखे. एकेक भुजा शंभर मायक्रोमीटरच्या आतबाहेर. सारख्या कोनावरून कॅल्सिनिया उपवर्ग आणि नळ्यांच्या जाळीवरून क्लाथ्रिना ही प्रजाती, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "मधला ठिपका कसला?"

"प्रकाशाचा असेल."

"बारीक फोकस फिरव."

स्क्रू जेमतेम फिरवला. तीन भुजा धूसर झाल्या आणि ठिपका वर वर येत टोकदार झाला. चौथी भुजा होती ती, सरळ माझ्या डोळ्याकडे रोखलेली. काटा स्लाइडवर पसरून बसला की ती वर उभी राहते आणि वरून नुसता ठिपका दिसते. मी असे किती ठिपके 'प्रकाश' म्हणून सोडून दिले असतील, याचा विचार त्या क्षणी केला नाही, रात्री केला.

२०१३ साली या कुळाची फेरमांडणी झाली, तेव्हा चौथी भुजा असलेल्या जाती क्लाथ्रिनातून बाहेर काढल्या गेल्या. ती भुजा असलेले काटे थोडे असतील तर आर्थुरिया. बरोबरीने किंवा जास्त असतील तर एर्न्स्टिया. म्हणजे आता मोजणी. संध्याकाळपर्यंत मी काटे मोजत बसले. चार भुजांचे थोडेच निघाले. आर्थुरिया. मग त्या प्रजातीच्या ज्ञात जातींची वर्णनं एकेक काढून भुजांची लांबी, जाडी, टोकं ताडून पाहिली. कुठेच जुळेना, म्हणजे जात नवी. मॅडमनी चहा मागवला, हे त्यांच्याकडून अभिनंदनच.

पुढचे महिने रुक्ष होते. प्रत्येक प्रकारचे तीस काटे मोजणं, डीएनए, प्राणिशास्त्रज्ञ हेकेलचा १८७२ चा जर्मन ग्रंथ, ज्यात त्याने चुनखडी स्पंजांना एक नैसर्गिक आणि एक कृत्रिम अशी दोन वर्गीकरणं दिली आणि मागून येणाऱ्यांच्या डोक्याला ताप करून ठेवला. पुढच्या अमावास्येला त्याच कातळावर आणखी दोन गोळे मिळाले, ते पॅराटाइप, म्हणजे जोडीचे नमुने. होलोटाइप, म्हणजे नव्या जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो मुख्य नमुना, मात्र पहिलाच ठेवला, कारण जिवंतपणीचा फोटो, काटे, डीएनए सगळं त्याचंच. त्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली. शाई अल्कोहोलात उतरते.

वर्णनात होलोटाइपचं माप द्यावं लागतं. फोटोतल्या पट्टीवर बारा मिलिमीटर, बाटलीत पाच. शोधनिबंधाच्या मसुद्यात त्यापुढे एक वाक्य आहे: 'उर्वरित भाग परीक्षणात वापरला.' ते मॅडमनी लिहिलंय.